सांगितल्याने गुण जातो काय?
(वनौषधींच्या विद्येचा थोडा इतिहास आणि आपले कर्तव्य)

बुटीबोरी हे नाव प्रथमच ऐकणाऱ्याच्या मनात 'जडीबुटी' हा शब्द सहज उभा राहतो. वास्तविक त्या शब्दाचा या गावाशी काही संबंध नाही. मूळ गाव बोरी. नागपूरच्या प्रसिद्ध बुटी घराण्याच्या नावावरून ते बुटीबोरी म्हणून ओळखले जाऊ लागले, असे सांगण्यात येते. तथापि नावाचा हा योगायोग बाजूस ठेवला, तरी वनस्पती आणि औषधे यांचा विचार करावयास हे गाव अयोग्य नाही. नागपुराहून दक्षिणेस निघालेला रस्ता येथे येऊन दुभंगतो. एक वाट वर्ध्याकडे जाते, दुसरी जाम, हिंगणघाट या बाजूने पुढे हैदराबादेकडे जाते. जेथे पूर्वी कापूस, ज्वारी आणि तूर डोलत असे, तेथे आता औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे आहेत. असे असले तरी पावसाळा लागताच राहिलेल्या बांधांवर तरोटा अजून उगवतो, कुंपणावर गुळवेल चढते, ओढ्याकाठी निरगुडी फुलते, आणि पडीक जागेत आघाडा व रुई आपापले ठाणे सोडीत नाहीत. यांपैकी प्रत्येकीचा काही ना काही उपयोग आपल्या आजी-आजोबांस ठाऊक होता. आज त्यांच्या नातवंडांस उपयोग तर राहोच, पुष्कळदा नावही ठाऊक नसते. झाड आहे तेथेच आहे; मग त्याचे ज्ञान गेले कोठे, हा या लेखाचा विषय होय.

आपल्या घराघरांतून एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. औषध दुसऱ्यास सांगितले की त्याचा गुण जातो! कावीळ उतरविणारा मनुष्य मुळी कोठून आणतो ते सांगत नाही. विंचवावर उपचार करणारा पाला चुरगळून आणतो, म्हणजे पानाचा आकार कोणास दिसू नये. विद्या द्यावयाची ती एकाच मुलास, आणि तीही बहुधा मरणाच्या आधी. कित्येकदा मरण आधी येते आणि विद्या त्याच्याबरोबर जाते.

या समजुतीस नुसते हसून चालणार नाही. तिच्यामागे काही कारणे होती. औषध हेच ज्याचे पोट, त्याने ते सर्वांस सांगितले तर खावे काय? बिब्ब्यासारखी वस्तू अजाण हाती गेली तर अंगावर फोड येतात. बचनाग तर प्राणच घेतो. म्हणून अनधिकाऱ्याच्या हाती विद्या जाऊ नये, ही काळजीही त्यात होती. परंतु या दोन्ही कारणांहून निराळी अशी एक गोष्ट गुप्ततेच्या आड घडत असते. जे औषध कोणास दाखवावयाचे नाही, ते कोणास तपासताही येत नाही. खरे औषध आणि खोटे औषध हे अंधारात सारखेच दिसतात.

आपल्या प्राचीन वैद्यकाचा मार्ग मात्र असा नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, औषधी वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्या व गाई राखणारे गुराखी आणि इतर वनवासी लोक यांस माहीत असतात. म्हणजे वैद्याने शिकण्यास कोणाकडे जावे, तर रानात राहणाऱ्या माणसाकडे. त्याचबरोबर तोच ग्रंथ असेही बजावतो की, नुसते नाव व रूप कळल्याने काम भागत नाही; योजना कशी करावी हे कळले पाहिजे, आणि न जाणलेले औषध विषासारखे घातक असते. पुढे विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यांनी एकमेकांशी 'संभाषा' कशी करावी, याचा सविस्तर विधी दिला आहे. जाणत्याने जाणत्याशी बोलावे, शंका विचाराव्या, आपले मत चुकीचे ठरले तर ते सोडावे, असा त्याचा आशय आहे. अनेक ऋषी एकत्र बसून एकाच प्रश्नावर निरनिराळी मते मांडतात आणि शेवटी आत्रेय निर्णय देतो, असे प्रसंगही त्या ग्रंथात आहेत. तेव्हा ज्या शास्त्राचा जन्मच सभेत झाला, ते पुढे कनवटीस लावून ठेवण्याची वस्तू बनले, हा मूळ धर्म नसून नंतरचा ऱ्हास होय, असे आम्हांस वाटते.

आता इतिहासाकडे वळू. घराण्यातील विद्या उघड केल्याने तिचे काय होते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या प्रांताबाहेर, परंतु आपल्याच भाषाकुळातील लोकांच्या हातून घडलेले आहे. गोव्यातून दक्षिणेस गेलेली कोंकणी भाषा बोलणारी अनेक कुटुंबे कोचीन येथे स्थायिक झाली होती. सतराव्या शतकात कोचीन डच कंपनीच्या ताब्यात होते आणि हेन्द्रिक व्हान रीड हा तेथील मुख्य अधिकारी होता. मलबारातील वनस्पतींचा ग्रंथ करावा असे त्याच्या मनाने घेतले. या कामी त्याने तद्देशीय वैद्यांचे साहाय्य मागितले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण वैद्य पुढे आले. त्यांच्याबरोबर चौथा आला तो इट्टी अच्युतन, ईळव ज्ञातीचा मलयाळी वैद्य. तत्कालीन समाजव्यवस्थेत हे चौघे एका पंक्तीस बसणारे नव्हते. पण एका ग्रंथाच्या कामास बसले. झाडांच्या फांद्या आणाव्या, चित्रकारांनी चित्रे काढावी, वैद्यांनी नाव व गुण सांगावे, दुभाष्यांनी ते एका भाषेतून दुसरीत न्यावे, आणि शेवटी ते लॅटिन भाषेत उतरावे, असा तो उद्योग होता.

या ग्रंथाचे नाव 'होर्तुस मलबारिकुस'. त्याचे १२ खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत अॅम्स्टरडॅम येथे छापले गेले आणि त्यांत ७०० हून अधिक वनस्पतींचे वर्णन आले. पहिल्या खंडात त्या तिघा वैद्यांचा कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील दाखला जसाच्या तसा छापला आहे. इट्टी अच्युतनाचाही दाखला त्याच्या लिपीत आहे. आम्ही हे हे सांगितले, ते आमच्या ग्रंथांवरून व अनुभवावरून सांगितले, अशा अर्थाची ती साक्ष असून तिच्यावर १६७५ च्या एप्रिल महिन्याची मिती आहे. पुढे १७५३ साली लिनेयस या स्वीडिश पंडिताने वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा जो पाया घातला, त्यात या ग्रंथाचा उपयोग झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून त्याचे इंग्रजी व मलयाळम भाषांतर सिद्ध केले, तेव्हा तो ग्रंथ ज्यांच्या पूर्वजांनी सांगितला त्यांस प्रथमच वाचावयास मिळाला. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. सांगितल्याने त्या विद्येचा गुण गेला नाही, उलट ती साडेतीनशे वर्षे टिकली. आणि सांगणाराचे नाव नोंदल्यामुळे ते वैद्यही टिकले. कोचीनच्या त्या काळच्या किती धनवंतांची नावे आज कोणास ठाऊक आहेत?

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या मुंबईतील आहे, आणि ते एका थोर पुरुषाचे असल्यामुळे अधिक हळहळ वाटते. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या तुकडीचे पदवीधर. विद्वत्ता, लोकसेवा आणि प्राचीन लेखांचे संशोधन या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे नाव अजरामर आहे. त्यांनी महारोगावर देशी औषधाचा शोध चालविला आणि कडू कवठाच्या बियांच्या तेलाने पुष्कळ रुग्णांवर उपचार केले. रोगी दुरून त्यांच्याकडे येत. परंतु पूर्ण खात्री झाल्याखेरीज औषध जाहीर करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण १८७४ साली त्यांचे निधन झाले आणि कोणत्या रोग्यास किती मात्रा, किती दिवस, काय परिणाम, हा सर्व अनुभव त्यांनी स्वतः जगापुढे मांडावयाचा राहून गेला. त्याच जातीच्या चालमोग्रा तेलाची माहिती १८५४ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी छापून प्रसिद्ध केली होती. आणि पुढे जगभर जो अभ्यास झाला, तो अशा छापील माहितीच्या आधाराने झाला.

त्या अभ्यासातील एक प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. हे तेल अत्यंत जाड व कडू. पोटात घ्यावे तर ओकारी होई, टोचावे तर गाठी होत. १९१५ च्या सुमारास हवाई बेटातील अॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय विदुषीने त्यातील घटक वेगळे करून टोचण्यास योग्य असे रूप तयार केले. १९१६ साली, केवळ चोवीस वर्षांची असताना, ती वारली. तिच्या विद्यालयाच्या प्रमुखाने ते काम तिचे नाव न घेता प्रसिद्ध केले. १९२२ साली डॉ. हॉलमन यांनी ती पद्धत बॉलबाईंची आहे असे छापील लेखात नमूद केले, म्हणून आज आपणांस ते नाव माहीत आहे. १९४० नंतरच्या काळात नवी औषधे निघाली आणि तेलाचे युग संपले. या रोगाचे दुःख आपल्या विदर्भास परके नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे १९३६ पासून मनोहरजी दिवाण यांनी जी सेवा आरंभिली आणि वरोऱ्यास १९५१ पासून बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांस एखाद्या औषधाचे ज्ञान दहा वर्षे उशिरा कळण्याची किंमत काय असते, हे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखाना आला आणि महाराष्ट्रात या विद्येची दारे उघडू लागली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत वैद्यकग्रंथ शुद्ध करून छापले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी वाग्भटाचा अष्टांगहृदय हा ग्रंथ टीकेसह संपादिला. पुढे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी चरकाची जी आवृत्ती सिद्ध केली, ती आजही विद्वान प्रमाण मानतात. जी पोथी पूर्वी एखाद्या वाड्यात रेशमी रुमालात बांधलेली असे, ती काही रुपयांत कोणाही विद्यार्थ्याच्या हाती आली.

परंतु संस्कृत ग्रंथ हे संस्कृतज्ञांसाठी. सामान्य मराठी वाचकाच्या ओसरीवर ही विद्या आणून ठेवण्याचे श्रेय ज्यांस द्यावयाचे, त्यांत शंकर दाजीशास्त्री पदे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८६७ चा आणि मृत्यू १९०९ चा. म्हणजे आयुष्य अवघे बेचाळीस वर्षांचे. एवढ्या काळात त्यांनी 'आर्यभिषक्' हे मासिक चालविले, 'वनौषधिगुणादर्श' हा विस्तृत ग्रंथ अनेक भागांत लिहिला, आणि १९०७ साली नाशिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवून त्या संस्थेचा पाया घातला. या कार्यातील मर्म असे की, वैद्यकाच्या मासिकामुळे एका गावचा अनुभव दुसऱ्या गावास कळतो. रत्नागिरीच्या वैद्याने लिहिलेले वऱ्हाडातला वैद्य वाचतो. आपल्याकडे त्या वनस्पतीस निराळे नाव आहे हे त्यास उमगते. गुण आला किंवा न आला ते तो कळवू शकतो. चरकाच्या काळची संभाषा ती हीच, फक्त टपालाने चालणारी! १९२७ साली डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधिसंग्रह' प्रसिद्ध झाला. त्यात देशी औषधे आणि आधुनिक शास्त्र यांची सांगड घातलेली आहे. १९३३ साली कर्नल रामनाथ चोप्रा यांनी हिंदुस्थानातील देशी औषधांवर इंग्रजी ग्रंथ लिहून तीच दिशा पुढे नेली.

छापील कागदाचे महत्त्व किती, याचा अनुभव साऱ्या देशास आला तो हळदीच्या प्रकरणात. बुटीबोरीहून हिंगणघाटच्या वाटेने गेले म्हणजे समुद्रपूर तालुका लागतो. त्यातील वायगाव येथील हळद प्रसिद्ध असून २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे बोट कापले की हळद दाबावी, हे शिकविण्यास कोणी गुरू लागत नाही. असे असता १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर एकाधिकार, म्हणजे पेटंट, देण्यात आला. जणू ही युक्ती जगात प्रथमच सुचली होती!

भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक त्या वेळी गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर हे होते. परिषदेने १९९६ साली या पेटंटास आव्हान दिले. येथे अडचण आली ती अशी. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे परदेशात एखादी गोष्ट लोक करीत आले आहेत, एवढे पुरेसे नव्हते. ती तेथे छापून प्रसिद्ध झालेली आहे हे दाखवावे लागे. कोट्यवधी आजीबाईंची साक्ष त्या न्यायासनापुढे चालणारी नव्हती. तेव्हा शोध सुरू झाला तो ग्रंथांचा. संस्कृत, हिंदी, उर्दू इत्यादी भाषांतील ३२ आधार सादर करण्यात आले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने सर्व दावे नामंजूर केले. या लढ्यास लोक 'हळदीघाटीची लढाई' म्हणू लागले. ती तलवारीने जिंकलेली नाही. कोणे एके काळी कोणी तरी आपल्यास माहीत असलेली गोष्ट लपवून न ठेवता लिहून छापली, म्हणून ती जिंकता आली. जे घरात गुप्त राहिले होते, त्याने या लढ्यात काडीचेही साहाय्य केले नाही.

यावरून बोध घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा संगणकीय संग्रह शासनाने उभारण्यास आरंभ केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरविण्यात आले, म्हणजे परदेशीय परीक्षकांस ते वाचता यावे. आश्चर्याची गोष्ट अशी की, हा संग्रह बरीच वर्षे केवळ पेटंट कार्यालयांस पाहता येत असे. २०२२ साली तो इतरांसाठीही टप्प्याटप्प्याने खुला करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. उघडे ठेवावे तर दुसरा लुटतो, झाकून ठेवावे तर स्वकीयांस उपयोग नाही, असा हा पेच आहे.

या पेचातून मार्ग नाही असे मात्र नव्हे. केरळातील अगस्त्य पर्वतात काणी नावाचे वनवासी राहतात. १९८७ साली त्यांनी आपल्याबरोबर फिरणाऱ्या शास्त्रज्ञांस थकवा घालविणारी काही फळे खाऊ घातली. ती 'आरोग्यपच्च' या वनस्पतीची होती. तिच्यापासून संशोधन संस्थेने औषध तयार केले, १९९५ मध्ये ते बनविण्याचा परवाना एका औषधशाळेस दिला, आणि त्यापासून मिळणाऱ्या रकमेचा अर्धा भाग काणी लोकांस देण्याचे ठरले. या व्यवहारात पुढे मतभेदही झाले. तथापि ज्याने सांगितले त्याचे नाव आणि त्याचा वाटा, ही दोन्ही मान्य करण्याचा पायंडा त्यातून पडला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने आपली समिती नेमावी आणि लोकांशी विचारविनिमय करून आपल्या भागातील जीवसृष्टीची व तत्संबंधी ज्ञानाची नोंदवही ठेवावी, असे सांगितले आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांस या कायद्यातील काही बंधनांतून सूट दिली. म्हणजे तोंडी चालत आलेल्या ज्ञानाची नोंद मूळ धन्याच्या नावाने होणे आता पूर्वीहून अधिक निकडीचे झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट करून, सर्वांच्या संमतीने, आपल्या जंगलाचा विचार कसा करावा हे दाखवून दिले. २००९ साली त्या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याचे लोक गोंड आहेत. विदर्भातील पुष्कळशी वनौषधींची विद्या ही त्यांची, वैदूंची, धनगरांची आणि गावोगावच्या सुइणींची आहे, हे आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी विसरता कामा नये. आपल्या घरच्या बाडात जो उपाय लिहिलेला आहे, तो आपल्या पणजोबांस कोणी तरी रानातल्या माणसानेच सांगितलेला असण्याचा संभव फार.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. ज्ञान उघड करणे म्हणजे वाटेल तो उपाय वाटेल त्यास सांगत सुटणे नव्हे. आज घरोघरी हातातल्या दूरध्वनीवर सकाळसंध्याकाळ जे उपाय येऊन पडतात, त्यांत सांगणाऱ्याचे नाव नसते, वनस्पतीची ओळख नसते आणि गुण न आल्यास विचारावयास कोणी नसतो. ही उघडी विद्या नव्हे; ही निनावी विद्या होय, आणि ती गुप्त विद्येइतकीच धोक्याची. नावांचा घोटाळा तर विलक्षण आहे. आपण ज्यास तरोटा म्हणतो, त्यास पुण्याकडे टाकळा म्हणतात. हे निरुपद्रवी झाले. परंतु ब्राह्मी म्हणून कोणी जलब्राह्मी देतो, कोणी मंडूकपर्णी देतो. शंखपुष्पी या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वनस्पती बाजारात येतात. साथीच्या काळात गुळवेलीचा काढा पुष्कळांनी घेतला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी काही रुग्णांच्या यकृताच्या विकाराचा संबंध तिच्याशी जोडला. आयुष मंत्रालयाने त्यास हरकत घेतली आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. कोणाचे म्हणणे कितपत बरोबर हा तज्ज्ञांचा विषय आहे. पण हा वाद उघडपणे झाला, त्यामुळे वेल नीट ओळखून घ्यावी आणि यकृताचा विकार असणाऱ्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून तो काढा घेऊ नये, एवढे शहाणपण तरी सर्वांस मिळाले. गुप्त औषधाने असा अपाय केला असता, तर तो कोणास कळलाही नसता.

आता या सर्व इतिहासाचा आपल्या ज्ञातीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, बुटीबोरीच्या आसपास पसरलेल्या आपल्या कुटुंबांतून अजूनही काही जुनी बाडे आहेत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात, कोणाच्या जुन्या पेटीत, मोडी अक्षरात लिहिलेले चार कागद सापडतात. त्यांवर पंचांगाच्या नोंदी, देणेघेणे आणि मध्येच एखाद्या काढ्याची कृती असते. मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. ज्या वृद्ध माताभगिनींस बाळंतिणीचा काढा, मुलांची गुटी, गुरांचे औषध ही तोंडपाठ आहेत, त्यांचीही संख्या कमी होत आहे. मुले नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस व परदेशी गेली; बांधावर उरलेल्या झाडांपैकी काही उद्या नव्या रस्त्याखाली जातील. दहा वर्षांनी विचारावयास जावे तर सांगणारे माणूसही असणार नाही आणि दाखवावयाचे झाडही असणार नाही.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही करावी. तिच्यात पाच गोष्टी लिहाव्या. पहिली, वनस्पतीचे आपल्या भागातील नाव, आणि शक्य तर वाळविलेली फांदी किंवा छायाचित्र, म्हणजे जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञास ती ओळखता यावी. दुसरी, ती कोठे व कोणत्या ऋतूत मिळते. तिसरी, कोणता भाग, किती, कसा वापरीत असत. चौथी, हे कोणी सांगितले. आणि सांगणारी व्यक्ती दुसऱ्या ज्ञातीची असल्यास तिच्या संमतीने तिचे नाव आवर्जून लिहावे, कारण दुसऱ्याची विद्या आपल्या नावावर छापणे ही चोरीच होय. पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची, गुण आला नाही किंवा अपाय झाला तर तेही लिहावे. केवळ यशाच्या कथा लिहिलेल्या वहीस जाहिरात म्हणतात. आणि या वहीत लिहिलेले ते ताबडतोब रोग्यास देण्यासाठी नव्हे, तर वैद्यांनी व डॉक्टरांनी तपासण्यासाठी आहे, हेही तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. अशा वह्यांची एक प्रत स्थानिक संस्थेच्या जैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी, आणि एक प्रत मंडळाच्या दप्तरी ठेवावी. ती पाहावयास मागणारा कोणत्याही ज्ञातीचा असो, त्यास नाही म्हणू नये.

या शेवटच्या वाक्यावर आपल्यापैकी काही बंधूंचे मन अडेल, हे आम्ही जाणतो. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेर विद्या द्यावी असे लिहिणे कोणास विसंगत वाटेल. पण कोचीनचे ते चार वैद्य एका ज्ञातीचे नव्हते, 'आर्यभिषक्' मासिक एका ज्ञातीसाठी निघाले नाही, आणि हळदीचा खटला साऱ्या देशाने मिळून जिंकला. ज्ञातीचे मंडळ हे विद्या गोळा करण्यास फार सोयीचे साधन आहे, कारण आपण एकमेकांची घरे ओळखतो, आणि आजीबाई परक्याशी बोलणार नाहीत त्या आपल्याशी बोलतील. गोळा झाल्यावर ती कुलपात घालावयाची असेल, तर मात्र हे श्रम न केलेलेच बरे. येत्या पावसाळ्यात, तरोटा कोवळा असतानाच, हे काम आरंभावे, आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस बांधावर हाताला धरून नेऊन तिने एकेका झाडाकडे बोट दाखवावे व नातवंडाने लिहून घ्यावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.